मेंदूतल्या पेशी आणि उंदरातली जनुकीय कात्री

मायक्रोग्लिया या पेशींविषयी मराठीत जे थोडेफार छापून येते, त्यात एक वाक्य हमखास असते: ‘हे मेंदूतले सफाई कामगार होत.’ त्यामागोमाग बातमी येते. या पेशींमधले अमुक जनुक बंद केले आणि उंदराची स्मरणशक्ती सुधारली, किंवा बिघडली. सफाई कामगाराच्या उपमेबद्दल माझी तक्रार किरकोळ आहे. खरी तक्रार दुसऱ्या वाक्याबद्दल आहे. ‘जनुक बंद केले’ एवढ्या शब्दांत एक मोठे उपकरण दडलेले असते, आणि त्या उपकरणाचा स्वतःचा काही परिणाम होतच नाही असे वाचकाने न सांगता धरून चालावे लागते.

उंदीर हे संशोधनाचे साधन म्हणून आपल्याकडे नवे नाही. आमच्या पनवेल तालुक्यात खारघरला टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था आहे, आणि तिथे प्रयोगासाठी खास उंदीर वाढवले जातात. या संस्थेचे मूळ १९५२ साली परळला सुरू झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये. डॉ. वसंत खानोलकर तिचे पहिले संचालक. डॉ. कमल रणदिवे यांनी स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास उंदरांवरच केला. त्या काळी उंदरांचा शुद्ध वाण मिळवायचा तर पिढ्यानपिढ्या भावंडांचाच संकर करत राहावे लागे. आता हवा तो बदल थेट जनुकात करता येतो. मेंदूतल्या या पेशींच्या अभ्यासाला त्याचाच मोठा आधार आहे.

मायक्रोग्लिया प्रथम वेगळ्या ओळखल्या त्या स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी, १९१९ साली, चांदीच्या क्षारांनी रंगवून. पण रंगवलेली पेशी म्हणजे मेलेली पेशी. २००० साली उंदराच्या सीएक्स३सीआर१ या जनुकाच्या जागी हिरवे चमकणारे प्रथिन बनवणारे जनुक बसवण्यात आले आणि जिवंत मायक्रोग्लिया दिसू लागल्या. २००५ साली अशाच उंदरांच्या मेंदूत डोकावून पाहिले, तर ‘विश्रांत’ म्हणून वर्णन होत आलेल्या या पेशी आपल्या बारीक फांद्या सतत हलवत परिसर चाचपत होत्या. लेसरने एक सूक्ष्म रक्तवाहिनी दुखावली, तेव्हा आजूबाजूच्या फांद्या काही मिनिटांतच तिकडे वळल्या. या साधनाचे हे श्रेय मोठे आहे आणि ते द्यायलाच हवे. मात्र जी पेशी एवढ्याशा दुखापतीने जागी होते, तिच्या आत आपण हत्यार घेऊन शिरणार आहोत.

ते हत्यार म्हणजे क्री. हे जिवाणूंवर वाढणाऱ्या पी१ नावाच्या विषाणूचे विकर. डीएनएमध्ये लॉक्स-पी नावाची ३४ अक्षरांची खूण असते. अशा दोन खुणांमधला भाग क्री कापून काढते. नको असलेल्या जनुकाच्या दोन्ही बाजूंना ही खूण बसवायची आणि क्री फक्त मायक्रोग्लियात तयार होईल अशी सोय करायची. कापणी आपल्याला हवी तेव्हाच व्हावी म्हणून क्रीला इस्ट्रोजेन-ग्राहकाचा एक बदललेला तुकडा जोडतात. टॅमॉक्सिफेन दिल्याशिवाय ही जोडी पेशीकेंद्रकात जात नाही. टॅमॉक्सिफेन म्हणजे स्तनाच्या कर्करोगावर वर्षानुवर्षे दिले जाणारे तेच औषध. मायक्रोग्लियासाठी या पद्धतीचे उंदीर २०१३ च्या सुमारास हाती आले आणि लवकरच सर्वत्र पसरले.

३४ अक्षरांची खूण का, याचे गणित वर्गात करून घेण्यासारखे आहे. डीएनएची अक्षरे चार, म्हणून ३४ अक्षरी शब्द ४ चा ३४ वा घात इतके होतात, म्हणजे ३ वर २० शून्ये. उंदराच्या जनुकसंचात अक्षरे सुमारे २७० कोटी. तेव्हा नेमकी तीच खूण योगायोगाने सापडणे जवळजवळ अशक्य. इथवर सारे ठीक. पण क्री इतकी काटेकोर वाचक नाही. खुणेशी मिळत्याजुळत्या जागाही ती अधूनमधून कापते, आणि तशा जागा जनुकसंचात आहेत.

बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात हिया घोष यांच्या प्रयोगशाळेने नेमके यावरच बोट ठेवले. सहस्रबुद्धे आणि घोष यांचा शोधनिबंध २०२२ च्या जानेवारीत ‘सेल रिपोर्ट्स’मध्ये आला. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत पिल्लांमध्ये ही क्री जागी केली, तर मायक्रोग्लियाच्या डीएनएला इजा होते, विषाणू शिरल्यावर वाजावी तशी इंटरफेरॉनची धोक्याची घंटा वाजते आणि पेशी उत्तेजित होतात. याला कोणते जनुक बंद करण्याचीही गरज नाही. कात्री चालवली, एवढेच पुरे.

हे वय महत्त्वाचे आहे. चेतापेशींमधले जादा जोड छाटण्याचे काम मायक्रोग्लिया जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत करतात, आणि स्वमग्नतेसारख्या स्थितींचा या छाटणीशी संबंध जोडला जातो. म्हणजे ज्या वयाबद्दल सर्वांत मोठे दावे केले जातात, त्याच वयात साधन सर्वांत जास्त ओरखडे काढते. घरात स्वमग्न मूल असलेले आईबाप अशी बातमी किती आशेने वाचतात, हे शिक्षकांना सांगायला नको.

मग तुलना कोणाशी करायची? अनेक शोधनिबंधांत नियंत्रण गट असतो तो औषध दिलेल्या, पण क्री नसलेल्या भावंडांचा. त्यातून टॅमॉक्सिफेनचा परिणाम वजा होतो, क्रीचा होत नाही. खरा जोडीदार म्हणजे क्री आहे, औषध दिले आहे, पण कापायला लॉक्स-पीची खूणच नाही, असा उंदीर. शिवाय या उंदरांत क्री सीएक्स३सीआर१ च्याच जागी बसवलेली असते, त्यामुळे त्या जनुकाची एक प्रत आधीच गेलेली. हेच जनुक रक्तातल्या मोनोसाइट पेशींतही चालू असते. मोनोसाइट लवकर बदलतात म्हणून औषधानंतर काही आठवडे थांबले की त्यांच्यातली खूण पुसली जाते. मेंदूच्या आवरणांतल्या दीर्घायुषी भक्षक पेशींतली मात्र राहते. हे सारे तज्ज्ञांना ठाऊक असते. बातमीपर्यंत ते पोचत नाही, आणि आपल्या विज्ञानलेखकांनी ते पोचवण्याची फारशी खटपट केल्याचे मला दिसलेले नाही. ‘उंदरांवर’ हा शब्द तेवढा मथळ्यात आला तरी पुष्कळ झाले, अशी स्थिती.

अलीकडे पी२आरवाय१२, टीमेम११९, हेक्सबी या जनुकांच्या आधाराने नवे उंदीर तयार झाले आहेत. मायक्रोग्लिया इतर पेशींपासून वेगळ्या काढण्यात ते अधिक चोख आहेत, आणि हा फायदा खरा आहे. पण त्यांतल्या ज्या वाणांत जनुक कापायचे काम क्रीकडेच सोपवले आहे, तिथे पत्ता अचूक झाला, कात्री तीच राहिली.