शब्द आणि अंक यांच्या स्पर्धेतील विजेता : ‘शब्द जाणणे’ या कल्पनेची एक चिकित्सा

दूरचित्रवाणीवरील शब्दांच्या आणि अंकांच्या स्पर्धेत लागोपाठ सामने जिंकणाऱ्या विजेत्याविषयी सामान्यतः दोन मते ऐकू येतात. एक मत त्याला भाषाप्रभू मानते. दुसरे त्याला पाठांतराचे यंत्र समजून बाजूला सारते. ही दोन्ही मते अपुरी आहेत आणि त्यांच्या अपुरेपणाचे कारण एकच आहे. ‘शब्द जाणणे’ म्हणजे नेमके काय, हा मूळ प्रश्न दोहोंनीही विचारलेला नाही. प्रस्तुत लेखात ‘काउंटडाउन’ या ब्रिटिश कार्यक्रमाच्या आधारे त्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

या खेळाचे मूळ फ्रान्समध्ये आहे. आर्माँ जामो यांनी १९६५ साली फ्रेंच दूरचित्रवाणीवर सर्वांत लांब शब्द शोधण्याचा खेळ सुरू केला. पुढे त्यात अंकांची भर पडली आणि १९७२ पासून तो ‘दे शिफ्र ए दे लेत्र’ म्हणजे ‘अंक आणि अक्षरे’ या नावाने ओळखला जाऊ लागला. २०२४ मध्ये तो बंद झाला. त्याचे इंग्रजी रूप असलेल्या ‘काउंटडाउन’चा प्रारंभ २ नोव्हेंबर १९८२ रोजी झाला. ‘चॅनेल फोर’ या वाहिनीवरून प्रक्षेपित झालेला तो पहिलाच कार्यक्रम होय. नऊ अक्षरांतून तीस सेकंदांत शक्य तितका लांब शब्द घडवावयाचा, अथवा दिलेल्या सहा संख्यांवर बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार करून तीन अंकी लक्ष्यसंख्या गाठावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. सामना जिंकणारा पुढील सामन्यास उभा राहतो. परंतु आठ विजयांनंतर त्यास थांबावे लागते व तो मालिकेच्या अंतिम फेरीची वाट पाहतो.

प्रथम अक्षरांचा विचार करू. एस, आय, एल, ई, एन, टी ही सहा अक्षरे घेतली, तर इंग्रजीत ‘सायलेंट’, ‘लिसन’, ‘एन्लिस्ट’, ‘टिन्सेल’ असे चार शब्द त्यांतूनच सिद्ध होतात. देवनागरीत लिहिताच त्यांचे नाते नाहीसे होते, ही गोष्ट सूचक आहे. ‘लिसन’मधील टी उच्चारात नाही, तो केवळ लेखनात आहे. म्हणजे या खेळातील शब्द हा ध्वनींचा नव्हे, तर लिपीचिन्हांचा समूह आहे. आपल्याकडील शास्त्रचर्चेत ‘सर’ आणि ‘रस’, ‘नदी’ आणि ‘दीन’ अशी उदाहरणे येतात. वर्ण तेच असूनही क्रम बदलताच शब्द बदलतो, हे त्यांतून दाखवावयाचे असते. तथापि तेथे चर्चा श्रुतीची आहे, येथे दृष्टीची. शब्द हा वर्णांची बेरीज नसून अखंड आहे, असे भर्तृहरीसारखा स्फोटवादी म्हणेल. खेळ मात्र शब्दाचे तुकडे करूनच सुरू होतो.

मग विजेता करतो ते काय? तो नऊ अक्षरांच्या सर्व क्रमांचा हिशेब करीत नाही. नऊ भिन्न अक्षरांचे ३,६२,८८० क्रम होतात आणि अवधी तीस सेकंदांचा असतो. तो भाषेच्या घडणीचा आधार घेतो. ‘इंग’, ‘एड’, ‘एस्ट’ यांसारखे प्रत्यय अथवा ‘री’, ‘अन’ यांसारखे उपसर्ग तो आधी बाजूस काढतो आणि उरलेल्या अक्षरांत धातू शोधतो. हे व्याकरणच आहे. फक्त ते सूत्रबद्ध नसून हातात मुरलेले आहे. विजेत्यास पाठांतराचे यंत्र म्हणणारे मत येथे निष्प्रभ ठरते.

तथापि या व्याकरणास अर्थाची अपेक्षा नसते. आपण सांगितलेल्या शब्दाचा अर्थ सांगण्याचे बंधन स्पर्धकावर नाही. शब्द ग्राह्य आहे की नाही, हे शब्दकोशाच्या कोपऱ्यात बसलेली व्यक्ती ठरविते. १९९२ पासून त्या आसनाशी सूझी डेंट यांचे नाव निगडित आहे आणि शब्दांच्या व्युत्पत्तीविषयीचे त्यांचे निवेदन हा कार्यक्रमाचा एक स्वतंत्र भाग झाला आहे. म्हणजे शब्द एका आसनावर आणि अर्थ दुसऱ्या आसनावर, अशी विभागणी या कार्यक्रमाने केली आहे. भामहापासून आपल्या साहित्यशास्त्राने ज्यांच्या सहभावावर काव्याची उभारणी केली, ते दोघे येथे एकमेकांपासून काही पावलांवर बसतात.

ही विभागणी टोकास गेली म्हणजे काय होते, याचे उदाहरण स्क्रॅबल या सजातीय खेळात मिळते. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. २०२४ साली स्पॅनिशमध्येही त्यांनी तेच केले. त्यांना फ्रेंच शब्द येत होते काय? शब्दाची आकृती म्हणजे शब्द असे मानल्यास बहुतेक फ्रेंच भाषकांहून अधिक येत होते. प्रयोग म्हणजे शब्द असे मानल्यास फारसे येत नव्हते. विजेत्यास भाषाप्रभू मानणारे मतही येथे कोसळते.

अंकांच्या फेरीत हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. १९९७ मधील एक डाव प्रसिद्ध आहे. संख्या होत्या २५, ५०, ७५, १००, ३ आणि ६. लक्ष्य होते ९५२. १०० व ५० यांच्या बेरजेस ६ ने गुणून ९०० मिळवावेत, ७५ मधून २५ वजा करून आलेले ५० त्यात मिळवावेत आणि वर ३ घालावेत, म्हणजे ९५३ येतात. नुकताच तयार झालेला खेळाडू येथे थांबून सात गुण घेईल. त्या स्पर्धकाने मात्र १०६ ला ३ ने गुणून ३१८, त्यास ७५ ने गुणून २३,८५०, त्यातून ५० वजा करून २३,८०० आणि २५ ने भागून ९५२ आणले. यातील मर्म मोठ्या आकड्यांत नाही. ७५ भागिले २५ म्हणजे ३ आणि ५० भागिले २५ म्हणजे २. ३१८ ची तिप्पट ९५४, त्यातून २ गेले की ९५२. परंतु २५ ही संख्या एकदाच वापरता येते, म्हणून त्याने भागाकार अखेरपर्यंत लांबणीवर टाकला. समान छेदाची ही शालेय युक्ती अशा घाईत सुचणे हे उच्च प्रतीचे कौशल्य होय.

पण समीक्षकाने येथेच थांबू नये. ७५ ला ६ ने गुणून ५० ने भागले असता ९ येतात. १०० व ३ यांच्या बेरजेस ९ ने गुणले की ९२७. त्यात २५ मिळविले की ९५२. या वाटेवर एकही संख्या हजारापर्यंत जात नाही. गुणपत्रिकेच्या दृष्टीने दोन्ही वाटा समान, दोहोंस दहाच गुण. रचनेच्या दृष्टीने दुसरीत प्रसाद आहे, पहिलीत आडंबर. लोकांच्या स्मरणात राहिली ती पहिली. रसिकाची ही जुनीच खोड आहे. मम्मटाने चित्रकाव्यास अवर ठरविले, तरी चक्रबंध आणि पद्मबंध सांगणाऱ्याभोवती श्रोते जमतच राहिले. विजेत्याची कला या चित्रकाव्याच्या जातीची आहे. तिच्यात व्यंग्य नाही. पण साधनावरील प्रभुत्व आहे, आणि त्या प्रभुत्वाचा आनंद खोटा नव्हे.

हा विचार मराठीकडे वळविला असता आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. मराठीत असा विजेता निर्माण होण्यापूर्वी काही प्रश्न सोडवावे लागतील. स्पर्धकास द्यावयाचे काय, अक्षर की वर्ण? ‘कि’ हे एक चिन्ह समजावयाचे की दोन? ‘घर’, ‘घरात’, ‘घरातला’, ‘घरातल्यांना’ यांपैकी शब्द कोणता? इंग्रजीत प्रत्यय लागून शब्द एखाददुसऱ्या अक्षराने वाढतो. मराठीत सामान्यरूपापुढे प्रत्ययांची साखळीच जोडता येते. आणि निवाडा कोणत्या कोशाने करावयाचा? दाते व कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाला, तर शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये आले. जुन्या कोशातील सानुस्वार रूप घेऊन एखादा स्पर्धक एका अनुस्वाराने जिंकू पाहील, तर त्यास नाकारण्याचा अधिकार कोणास? यावरून दिसते की विजेता हा एकट्याच्या बुद्धीचा परिपाक नाही. ज्या समाजाने एका कोशास न्यायासन दिले आणि तो कोश सतत अद्ययावत ठेवला, त्याच समाजात असा विजेता संभवतो.

सारांश, विजेत्याचे ज्ञान अर्धे आहे, पण ते खरे अर्धे आहे. शब्दाची घडण तो आपल्यापैकी अनेकांहून अधिक बारकाईने पाहतो. भाषेच्या पदव्युत्तर अभ्यासात आपण उलट टोकास उभे असतो. अर्थावर निबंध लिहितो आणि शब्दाच्या बांधणीकडे पाहावयाचे राहून जाते. त्या विजेत्यास हसण्यापूर्वी आपल्याकडील अर्धाही तितकाच पक्का आहे काय, हे तपासून पाहणे अभ्यासकास अधिक शोभेल.