पडद्यावरची साथ आणि किक्वीटची साथ

वोल्फगांग पीटरसन यांचा ‘आउटब्रेक’ हा चित्रपट मार्च १९९५ मध्ये प्रदर्शित झाला. आफ्रिकेतून आणलेल्या एका माकडाबरोबर ‘मोटाबा’ हा काल्पनिक विषाणू अमेरिकेतल्या एका गावात पोहोचतो. सैन्य गावाला वेढा घालते, बॉम्ब घेऊन विमान निघते. आणि डस्टिन हॉफमनने रंगवलेला लष्करी डॉक्टर ते माकड शोधून काढतो. त्याच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून काही तासांत औषध तयार! चित्रपट खिळवून ठेवतो. प्रतिपिंडांची कल्पनाही मुळात चुकीची नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे.

योगायोग असा, की त्याच वेळी झाईरमधील (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) किक्वीट शहरात इबोलाची खरीखुरी साथ पसरत होती. पहिला रुग्ण जानेवारीत दगावला. इबोलाचे निदान झाले मे महिन्यात, तेही नमुने अमेरिकेत पाठवल्यावर. तोवर रक्ती हगवणीचा संशय होता आणि रुग्णालयातूनच रोग पसरत होता. एकूण ३१५ जणांना लागण झाली, सुमारे २५० मरण पावले. दर चार रुग्णांत एक आरोग्य कर्मचारी होता.

जागतिक आरोग्य संघटना आणि इतर संस्थांच्या पथकांनी सोबत काय नेले? हातमोजे, मुखपट्ट्या, झगे, जंतुनाशके. रुग्णांना वेगळे ठेवले, त्यांच्या सहवासातील माणसांवर २१ दिवस नजर ठेवली, स्थानिक स्वयंसेवकांनी मृतांचे दफन काळजीपूर्वक केले. ऑगस्टमध्ये साथ संपली. लस नव्हती, हमखास औषध नव्हते. विषाणू कोणत्या प्राण्यातून आला हेही सापडले नाही.

हातमोजे चार महिने आधी पोहोचले असते तर? हा प्रश्न चित्रपटाला पडत नाही, कारण तिथे जग जागे होते ते रोग अमेरिकेत आल्यावर. दुर्दैवाने वास्तवातही फारसे वेगळे घडले नाही. पश्चिम आफ्रिकेतील साथ डिसेंबर २०१३ मध्ये गिनीत सुरू झाली. मार्च २०१४ मध्ये युरोपातील प्रयोगशाळांत निदान झाले. आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली ती थेट ८ ऑगस्टला. अकरा हजारांहून अधिक माणसे मेली. आणि लस? विषाणू १९७६ मध्ये ओळखला गेला, पहिल्या लसीला मंजुरी मिळाली २०१९ मध्ये.

वरच्या वर्गांना हा चित्रपट जरूर दाखवावा. नंतर फळ्यावर दोन रकाने आखावेत: पडद्यावर साथ कशाने थांबली, किक्वीटमध्ये कशाने थांबली. दुसऱ्या रकान्यातल्या वस्तूंची किंमत मुलांनाच काढू द्यावी.