रमाबाईंचें अमेरिकादर्शन व त्यांतील एक चळवळ

परदेशाचें वर्णन करणाऱ्या पुस्तकांकडे पाहण्याची आमच्या वाचकवर्गाची एक ठरीव रीत आहे. आगबोट कोणत्या बंदरास लागली, थंडी किती होती, इमारती किती मजल्यांच्या होत्या, एवढें समजलें कीं त्याची जिज्ञासा तृप्त होते. आणि लेखक याहून अधिक कांहीं सांगूं लागला, तर त्यास परकीयांचा स्तुतिपाठक ठरवून पुस्तक मिटण्यास तो मोकळा होतो. पंडिता रमाबाई यांच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथाच्या वांट्यास हे दोन्ही प्रकार आले. १८८९ च्या अखेरीस मुंबईस प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ पुढें शंभर वर्षें बहुतेकांस नांवापुरताच माहीत होता. १९९६ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें तो पुन्हा छापला, आणि २००३ या एकाच वर्षीं त्याचीं इंग्रजींत दोन निरनिराळीं भाषांतरें निघालीं. एवढें झाल्यावरही, त्या ग्रंथाचें मर्म कशांत आहे याची चर्चा मराठींत व्हावी तशी झालेली नाहीं. आमच्या मतें तें मर्म स्त्रियांच्या स्थितीविषयींच्या प्रकरणांत, आणि त्यांतही मद्यपाननिषेधासाठीं झटणाऱ्या अमेरिकन स्त्रियांच्या संस्थेच्या वर्णनांत आहे. हें मत कां मान्य व्हावें, व त्या वर्णनास मर्यादा कोणत्या, याचा विचार येथें करावयाचा आहे.

रमाबाई अमेरिकेस गेल्या त्या मुळीं एका कल्याणकर मुलीच्या निमित्तानें, हें येथें सांगितलें पाहिजे. आमच्या नौपाड्यापासून कल्याण तें किती दूर! तेथील जोशी घराण्यांतली यमुना हीच पुढें आनंदीबाई जोशी झाली, आणि ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिला मिळाली. त्या समारंभासाठीं रमाबाई इंग्लंडांतून निघाल्या. थोडे महिने राहून परतावें असा बेत होता. प्रत्यक्षांत १८८८ च्या अखेरपर्यंत त्या तेथें राहिल्या. मधल्या काळांत आनंदीबाई स्वदेशीं परतून १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास वारल्या. एका तरुण विदुषीच्या गौरवार्थ गेलेली बाई तिच्या निधनानंतरही त्या देशाचा निरोप घेईना, हिंडत राहिली, व्याख्यानें देत राहिली, पैसा जमवीत राहिली, यांतच तिच्या दृष्टीचा पालट दिसून येतो. सोहळा पाहण्यास आलेल्या बाईनें तेथें संस्था कशी चालते तें पाहिलें.

ज्या स्त्रीच्या कार्याची छाप या पालटावर फार मोठी पडली, ती फ्रान्सिस विलर्ड. तिचें चरित्र आमच्याकडे फारसें परिचित नाहीं, म्हणून चार ओळींत सांगतों. १८३९ सालीं न्यूयॉर्क प्रांतांत तिचा जन्म झाला व बाळपण विस्कॉन्सिनमधल्या शेतावर गेलें. मुलग्यासारखी रानांत हिंडणारी ही मुलगी वयांत येतांच तिला लांब झगा नेसविण्यांत आला व केंस बांधून टाकण्यांत आले. तें दुःख तिनें आपल्या रोजनिशींत नोंदून ठेविलें. भाऊ वयांत आला तो वडिलांबरोबर मत देण्यास गाडींतून गेला, आणि दोघी बहिणी खिडकींत उभ्या राहून पाहत राहिल्या. तोही प्रसंग ती जन्मभर विसरली नाहीं. पुढें ती शिक्षिका झाली, १८७१ सालीं इव्हॅन्स्टन येथील स्त्रियांच्या कॉलेजची मुख्य झाली, आणि १८७४ सालीं तें सारें सोडून नव्यानेंच निघालेल्या मद्यपाननिषेधक स्त्रीसंस्थेंत शिरली.

या संस्थेचा उगम मोठा नाट्यमय आहे. १८७३ च्या डिसेंबरांत ओहायो प्रांतांतील हिल्सबरो या लहानशा गांवीं कांहीं गृहिणी प्रार्थनामंदिरांतून निघाल्या त्या थेट दारूच्या गुत्त्यांपुढें जाऊन गुडघे टेकून बसल्या. ज्या बायकांनीं कधीं चारचौघांत तोंड उघडलें नव्हतें, त्यांनीं भर थंडींत रस्त्यावर प्रार्थना म्हटल्या. हें लोण गांवोगांव पसरलें. कांहीं गुत्ते बंद झाले, आणि लाट ओसरल्यावर त्यांतले बरेचसे पुन्हा उघडलेही. विलर्डबाईंची थोरवी अशी कीं, नुसत्या प्रार्थनेनें गुत्ता उघडावयाचा थांबत नाहीं, कारण परवाना देणारा अधिकारी ज्याच्या मतावर निवडून येतो तो पुरुष आहे, हा धडा त्या ओसरलेल्या लाटेपासून त्या शिकल्या. स्त्रीला मत पाहिजे तें तिच्या हौसेसाठीं नव्हे, तर तिच्या घराच्या रक्षणासाठीं, असा सिद्धान्त त्यांनीं १८७६ पासून मांडला. संस्थेच्या पहिल्या अध्यक्षा विटेनमायरबाई यांचा त्यास विरोध होता. १८७९ सालीं विलर्डबाई अध्यक्ष झाल्या व १८९८ सालीं मृत्यु येईपर्यंत त्या पदावर राहिल्या. मद्यनिषेधाबरोबर तुरुंग, बालशाळा, मजुरांचे प्रश्न व कुमारिकांचें संरक्षण या सर्वांसाठीं त्यांनीं वेगवेगळीं खातीं काढलीं.

आतां रमाबाईंच्या दृष्टीनें पाहा. हिंदुस्थानांतील सुधारणेचा इतिहास तोंवर बहुतांशीं पुरुषांनीं स्त्रियांसाठीं केलेल्या प्रयत्नांचा इतिहास होता. विधवाविवाहाचा शास्त्रार्थ पुरुष करीत, संमतिवयाचा वाद पुरुष घालीत, आणि ज्यांच्याविषयीं हें सारें चाले त्या माजघरांत असत. रमाबाईंनीं स्वतः १८८२ सालीं पुण्यास आर्य महिला समाज स्थापन केला होता. परंतु एका गांवांतला समाज निराळा आणि खंडभर शाखा पसरलेली, स्वतःचा हिशेब ठेवणारी, स्वतःचें वृत्तपत्र चालविणारी, आपले अधिकारी आपणच निवडणारी स्त्रियांची संस्था निराळी. १८८८ च्या वसंतांत वॉशिंग्टन येथें स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सेनेका फॉल्सच्या सभेस त्या वर्षीं चाळीस वर्षें पुरीं होत होतीं. रमाबाई त्या परिषदेस हजर होत्या. स्त्रियांची एकजूट होत नाहीं, हें आमच्या घरोघरचें जुनें सुभाषित. त्याचें खंडन त्यांना तेथें डोळ्यांपुढें दिसलें.

म्हणूनच या वर्णनाचा रोख समजून घेतला पाहिजे. आमच्याकडे थोर व्यक्तीचें चरित्र लिहावयाचें म्हणजे तिचें लोकोत्तरत्व गावयाचें, अशी प्रथा आहे; मग वाचक तिला हात जोडून आपल्या कामास लागतो. रमाबाईंचें लक्ष व्यक्तीहून संस्थेवर अधिक आहे. काम कसें सुरू झालें, कसें विभागलें गेलें, साध्या घरबायका त्यांत कशा शिरल्या, हें त्या सांगतात. देवतेचें अनुकरण करतां येत नाहीं, पण संस्थेचें करतां येतें. त्यांची भाषाही या हेतूस साजेशी आहे. संस्कृताचें एवढें पांडित्य अंगीं असून ही बाई वाक्य सजवीत बसत नाहीं. समजावून सांगणें हेंच तिचें ध्येय आहे. निबंधमालेच्या धाटणीचा दरारा असलेल्या त्या काळांत हा साधेपणा मोलाचा समजावा.

रमाबाई अमेरिकेवर भाळल्या, हा आक्षेप आम्हांस अर्धाच खरा वाटतो. ज्यांनीं ग्रंथ वाचला आहे त्यांना ठाऊक आहे कीं, त्या खंडाच्या मूळ रहिवाशांवर गोऱ्यांनीं केलेला जुलूम त्यांनीं झांकला नाहीं, वर्णद्वेषाकडे काणाडोळा केला नाहीं, आणि टोप्यांवर मेलेले पक्षी मिरविणाऱ्या तेथील स्त्रियांची गय केली नाहीं. पण अर्धा आक्षेप उरतोच. स्वदेशीय स्त्रियांना आशा वाटावी या हेतूनें लिहिणाऱ्या लेखिकेच्या हातून उजेडाची बाजू अधिक रंगते. संमतिवयाचेंच उदाहरण घ्या. रखमाबाईंच्या खटल्यानें ज्या वर्षांत आमच्याकडे रान उठलें होतें, त्याच वर्षांत अमेरिकेंतल्या कित्येक संस्थानांत कायद्याचें संमतिवय अवघें दहा वर्षांचें होतें, आणि तें वाढवावें म्हणून विलर्डबाईंच्या संस्थेस १८८६ पासून झगडावें लागत होतें. आमच्याकडे १८९१ च्या कायद्यानें तें दहाचें बारा झालें. दोन्ही देशांत घराच्या आंत मुलीची स्थिति कशी होती, तें या आंकड्यांवरून कळतें.

दुसरा दोष विलर्डबाईंच्या चळवळीचाच आहे, व तो रमाबाईंच्या ग्रंथानंतर उघड झाला असल्यामुळें त्याचें खापर त्यांच्या माथीं फोडतां येणार नाहीं. पण आजच्या समीक्षकास तो टाळतां येत नाहीं. १८९० सालीं एका मुलाखतींत विलर्डबाईंनीं दक्षिणेंतील काळ्या लोकांविषयीं, दारूचा संबंध जोडून, अत्यंत हीन उद्गार काढले. त्या काळीं तेथें काळ्या माणसांना जमावानें ठार मारण्याचे प्रकार सर्रास चालले होते. इडा वेल्स या काळ्या लेखिकेनें १८९४ सालीं इंग्लंडांत ते उद्गार पुन्हा छापून विलर्डबाईंना जाब विचारला. घराचें रक्षण हा सिद्धान्त येथें उघडा पडतो. रक्षण कोणाच्या घराचें, हा प्रश्न त्यानें विचारलाच नव्हता.

तिसरी गोष्ट आमच्या मातीची आहे. अमेरिकेंतला गुत्ता खाजगी धंद्याचा होता. आमच्याकडे सरकारचा हात त्यांत अधिक खोल होता. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या अबकारी कायद्यानें ठाणें जिल्ह्यांतल्या माडांवर कर वाढला, भंडाऱ्यांचा जुना धंदा अडचणींत आला, आणि रानांतल्या आदिवाशाला घरची मोहाची दारू गुन्हा ठरून मक्तेदाराची विकत घेणें भाग पडलें. पुण्यांत दारूच्या दुकानांविरुद्ध जोतीराव फुल्यांनीं १८८० सालींच नगरपालिकेच्या अध्यक्षांस पत्र लिहिलें होतें. दारूचा प्रश्न आमच्याकडे मोहाचा जेवढा तेवढाच महसुलाचा होता. हिल्सबरोच्या गृहिणींची तऱ्हा येथें जशीच्या तशी आणून भागलें नसतें. खुद्द अमेरिकेंतही १९२० सालीं सक्तीची दारूबंदी आली ती १९३३ सालीं गेली. उलट त्याच १९२० सालीं स्त्रियांस मिळालेलें मत कायम राहिलें. जें साधन म्हणून मागितलें तें टिकलें, आणि ज्या साध्यासाठीं मागितलें तें गेलें. या उलटापालटींतच विलर्डबाईंच्या चरित्राचा खरा बोध आहे.

रमाबाईंनीं त्यांतून काय उचललें, हें त्यांच्या कृतीवरून ठरवावें. ज्या देशांत पुरुषांसही खरें मत नव्हतें तेथें स्त्रियांच्या मताची चळवळ त्यांनीं उभारली नाहीं. त्यांनीं संस्था उचलली. ११ मार्च १८८९ रोजीं, आनंदीबाईंच्या पदवीदानास बरोबर तीन वर्षें झालीं त्या दिवशीं, मुंबईस शारदासदन उघडलें. त्याचा खर्च बॉस्टन येथें स्थापलेल्या मंडळीनें उचलला होता. १८९३ सालीं धर्मांतराच्या शंकेवरून रानडे व भांडारकर यांनीं सल्लागार मंडळ सोडलें, आणि मराठी समाजानें त्या संस्थेकडे पाठ फिरविली. ती शंका अगदींच निराधार होती असें आम्ही म्हणत नाहीं. धर्म आणि उपकार यांची सीमारेषा रमाबाईंनीं नेहमींच कसोशीनें सांभाळली असें त्यांच्या चाहत्यांसही म्हणवणार नाहीं. पण संस्थेवरचा राग आम्हीं ग्रंथावरही काढला, हा मात्र निव्वळ अविवेक होय. मुंबईच्या कायदेमंडळानें १९२१ सालीं स्त्रियांस मतदानाचा हक्क दिला, आणि १९२२ च्या एप्रिलांत रमाबाई वारल्या. एक पिढी आधीं ज्या मराठी पुस्तकानें या हक्काची वार्ता आणली होती, त्याची आठवण त्या वेळीं किती जणांस झाली असेल!

ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें, म्हणजे या ग्रंथाहून चारच वर्षांनीं धाकटें. जुनीं पुस्तकें जपून ठेवण्याचें कर्तव्य अशा संस्थांनीं केलें. तीं वाचण्याचें कर्तव्य आमचें होतें. ‘लोकस्थिति’ वाचतांना ती पूजेची पोथी समजूं नये व परकीयांची भलावणही समजूं नये. स्त्रियांनीं आपलें काम आपण चालवावें, त्याचा हिशेब आपण ठेवावा व त्यांतल्या चुकाही आपणच निस्तराव्या, हा त्या ग्रंथाचा गाभा आहे. विलर्डबाईंच्या चरित्रांतले दोष जमेस धरूनही तो गाभा हलत नाहीं. आणि मराठी गद्यांत इतक्या आधीं, इतक्या सरळ शब्दांत तो मांडला गेला होता, ही गोष्ट आमच्या वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं यापुढें तळटीपेंत न ढकलतां मुख्य मजकुरांत घ्यावी.