७.९४ आणि ३.२७ : स्तनपुनर्रचनेचा एक पेपर वाचताना

पेपर हातात आला की आपली नजर आधी कुठे जाते? पी-व्हॅल्यूवर. ती ०.०५ च्या खाली दिसली की आपण खूश! आज एका चांगल्या पेपरवर ही सवय तपासून बघू.

२०१८ साली 'जामा सर्जरी'मध्ये सांतोसा आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. प्रश्न असा : कर्करोगामुळे स्तन काढल्यावर नवा स्तन इम्प्लांटने घडवला तर रुग्ण जास्त समाधानी असते, की स्वतःच्या ऊतींनी घडवला तर? स्वतःच्या ऊती म्हणजे बहुतेकदा पोटाची त्वचा आणि चरबी. 'डीआयईपी' पद्धतीत त्या रक्तवाहिन्यांसकट उचलून सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या वाहिन्यांना जोडतात. पोटाचा स्नायू जागेवर राहतो. जुन्या 'ट्रॅम' पद्धतीत स्नायूही वापरला जातो.

अभ्यासात उत्तर अमेरिकेतल्या २,०१३ स्त्रिया होत्या. मोजमाप 'ब्रेस्ट-क्यू' प्रश्नावलीने, ० ते १०० गुणांत. दोन वर्षांनी स्वतःच्या ऊतींचा गट पुढे होता : स्तनांबद्दलच्या समाधानात ७.९४, मनोसामाजिक स्वास्थ्यात ३.२७ आणि लैंगिक स्वास्थ्यात ५.५३ गुणांनी.

आता थांबा. हे ३.२७ त्या बाईला जाणवतील का? २०२० साली वोइनेस्कोस आणि सहकाऱ्यांनी या तिन्ही मोजपट्ट्यांसाठी अर्थपूर्ण फरक साधारण ४ गुणांचा ठरवला. म्हणजे दोन फरक टिकतात, मधला टिकत नाही. तो संख्याशास्त्रात आहे. तिच्या रोजच्या जगण्यात असेलच असं नाही.

दुसरं, इथे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नाहीत. पद्धत रुग्ण आणि सर्जन मिळून निवडतात, आणि ते योग्यच. पण गणिताने दुरुस्ती होते ती फक्त मोजलेल्या घटकांची. त्यामुळे 'ऊतींमुळे समाधान वाढलं' असं लिहिताना हात आखडता घ्या. तिसरं, पुनर्रचना न केलेल्या स्त्रिया या तुलनेतच नाहीत. 'करावी का?' याचं उत्तर इथे शोधू नका.

आणि आपल्याकडे? मी पावण्यात राहते. इथल्या एमआयडीसीत कितीतरी बायका दिवसभर उभ्याने काम करतात, ओझी उचलतात. त्यांच्यासाठी पोटाची ताकद म्हणजे पगार. 'ब्रेस्ट-क्यू'त पोटाच्या त्रासाचे वेगळे प्रश्न आहेत, पण 'कामावर कधी परतलात, ओझं उचलता येतं का?' हे तुम्हालाच जोडून विचारावं लागेल. परळचं टाटा रुग्णालय आणि खारघरचं अॅक्ट्रेक इथून दूर नाहीत. विषय शोधत असाल, तर हा घ्या. फक्त प्रश्नावली छापण्याआधी अशा चारपाच जणींशी बोला. काय मोजायचं ते त्या तुमच्यापेक्षा नेमकं सांगतील.