‘विद्युत-अपघटित जल’ : एका संज्ञेचे परीक्षण

दंतवैद्याच्या यंत्रातील नळ्यांत जंतूंचा जो चिकट थर साचतो, त्याच्या नाशाकरिता वापरावयाच्या एका द्रवास पाठ्यपुस्तकी ‘विद्युत अपघटन’ या संज्ञेवरून ‘विद्युत-अपघटित जल’ असे नाव सहज बनते. व्युत्पत्ती निर्दोष आहे. कानास मात्र ‘अपघात’ जवळचा वाटतो. पण खरा दोष अर्थाचा. मिठाच्या सौम्य द्रावणातून वीजप्रवाह सोडला असता धनाग्राशी हायपोक्लोरस आम्ल तयार होते. जंतू मारते ते हे आम्ल. नावात ना मीठ, ना आम्ल. पिण्याच्या पाण्यात टाकावयाची ‘टीसीएल’ पावडर मुरगूडच्या गृहिणीस अपरिचित नाही. तिच्यापासूनही पाण्यात हेच आम्ल उत्पन्न होते. हे सोयरेपण झाकले गेल्याने रुग्ण ‘विजेच्या पाण्या’स एक तर बिचकेल, नाही तर त्यावर भाळेल.

याहून गंभीर घोटाळा ‘निर्जंतुक’ या विशेषणाचा होय. ‘जंतुनाशक’ हा द्रवाचा गुण. ‘निर्जंतुक’ ही अवजाराची अवस्था. ती दाबाखालील वाफेने साधावयाची, या द्रवाने नव्हे. शिवाय साठवणीत प्रकाशाने आणि वापरात रक्त-लाळेच्या संपर्काने त्याचे बळ ओसरते. ‘मिठापासून केलेले क्लोरीनचे पाणी’ हे नाव ओबडधोबड आहे खरे; पण दवाखान्याच्या फलकावर प्रस्तुत लेखक तेच पसंत करील.