चाचा की सरखेल?

मंडळी, कान्होजी आंग्र्यांना इंग्रज ‘चाचा’ म्हणत, याचा आपल्याला राग येतो. पण नुसत्या रागानं भागत नाही. पोर्तुगीज कार्ताझ नसलेली जहाजं धरत, कान्होजी दस्तक नसलेली. मग चाचा एकटे कान्होजीच कसे?

१७१८ ला खांदेरी, १७२१ ला कुलाबा. दोन्ही हल्ले फसले, हे आपण अभिमानानं सांगतो. पण १७१३ ला त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केलं, इथून जवळचा लोहगड घेतला आणि मग बाळाजी विश्वनाथांशी तह करून शाहूंकडे आले, हे गाळतो. १७५६ ला विजयदुर्गावर त्यांच्या मुलाचं, तुळाजींचं, आरमार जळालं, तेव्हा इंग्रजांच्या जोडीला पेशव्यांची फौज होती. आपल्या चरित्रांत हेही यायला हवं ना?