प्रौढांची स्वाक्षरी-वही

“नातवासाठी हवी होती हो!” हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा ऐकले आहे, की मराठी गद्याचा एक प्रातिनिधिक नमुना म्हणून ते एखाद्या पाठ्यपुस्तकात घालावे असे मला वाटू लागले आहे. मैदानाच्या दाराशी, विमानतळावर, बक्षीस-समारंभाच्या मांडवात एखादा नामांकित खेळाडू दिसला की साठीला टेकलेले एक गृहस्थ गर्दीतून वाट काढीत पुढे होतात, कागद पुढे करतात, आणि खेळाडूने मान वर करून पाहण्याच्या आतच हा खुलासा करून टाकतात. नातू त्या वेळी घरी गाढ झोपलेला असतो. क्वचित तो जन्माला यायचाही असतो! पुढे तो कागद नातवाच्या हाती पडतो म्हणता? छे! तो गृहस्थांच्या कपाटात, विम्याच्या पॉलिसीशेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला असतो, आणि नातवाने त्याला हात लावला तर घरात आरडाओरडा होतो.

टीकाकाराने वाक्यापाठीमागचे वाक्य वाचावे असे म्हणतात. ‘नातवासाठी’ या शब्दामागे एक समजूत दडलेली आहे. स्वाक्षरी मागणे हा पोरकटपणा आहे, जाणत्या माणसाला तो शोभत नाही, आणि करायचाच झाला तर एखाद्या पोराच्या नावावर करावा, ही ती समजूत. माझा वाद या समजुतीशी आहे. मोठ्या माणसांनी खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या मागाव्यात की नाही, हा प्रश्न मी ज्यांना ज्यांना विचारला त्यांपैकी बहुतेकांनी हसून उत्तर दिले, आणि हसून दिलेल्या उत्तरांवर माझा फारसा विश्वास नाही.

मुलांची गोष्ट वेगळी, हे मी आधीच मान्य करतो. गुलाबी, पिवळ्या, निळ्या पानांची ती आडवी छोटी वही ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिच्या पहिल्या स्वाक्षरीचा थरार सांगायला नको. मुलाला त्या सहीचा अर्थ ठाऊक नसतो, तशी त्याला गरजही नसते. आपण आणि तो थोर माणूस एका क्षणापुरते एकाच जगात होतो, एवढी पावती त्याला हवी असते. दुसऱ्या दिवशी वर्गात ती वही फिरली, की पावतीचे काम झाले. पुढे ती वही माळ्यावर जाते, आणि तिथून रद्दीत. त्यात दुःख करण्यासारखे काही नाही.

म्हणूनच मोठ्या माणसाने पोराच्या पुढे घुसणे हे मला असह्य वाटते. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस न्यूयॉर्कच्या यू. एस. ओपन स्पर्धेत जे घडले ते अनेकांनी पडद्यावर पाहिले असेल. कामिल मायखशाक हा पोलंडचा टेनिसपटू सामना जिंकून कठड्याशी स्वाक्षऱ्या देत होता. त्याने डोक्यावरची टोपी काढून एका लहान मुलासमोर धरली, आणि शेजारच्या एका धट्ट्याकट्ट्या गृहस्थाने ती मधल्यामध्ये पटकावून पिशवीत टाकली! साऱ्या जगाने त्या गृहस्थाला झोडपून काढले. त्याने माफी मागितली, टोपी परत केली. खेळाडूने त्या मुलाला शोधून काढून पुन्हा एक टोपी दिली, तेव्हा कुठे लोकांचा जीव शांत झाला. त्या प्रकरणावर जेवढे लिहिले गेले तेवढे मी बहुधा सगळे वाचले. त्यात एक सूर वारंवार येत होता: मोठ्या माणसाला टोपी हवीच कशाला? मला हा प्रश्न चुकीचा वाटतो. त्या गृहस्थाला टोपी हवी होती हा त्याचा अपराध नव्हे. हात लांब होता म्हणून ती आपली, असे त्याला वाटले, हा अपराध. रांगेत पोरांच्या मागे उभे राहण्याची तयारी असेल, तर साठ वर्षांच्या माणसाने टोपी काय, खेळाडूच्या बुटाची नाडी मागितली तरी माझी हरकत नाही.

दुसरा आक्षेप व्यापाराचा. मोठी माणसे स्वाक्षऱ्या घेतात त्या विकण्यासाठी, असे म्हणतात; आणि काही जण तसे करतातही. अमेरिकेत हा धंदा एवढा माजला, की तिथल्या एफ. बी. आय. या पोलीसखात्याला १९९० नंतरच्या दशकात बनावट सह्यांच्या टोळ्यांमागे लागावे लागले. त्या मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन बुलपेन’. बेब रूथ, मिकी मँटल अशा बेसबॉलमधल्या दैवतांच्या खोट्या सह्यांचे ढीग तिच्यात हाती लागलेच. पण मदर तेरेसांची खोटी सही केलेले बेसबॉलचे चेंडूही सापडले! कलकत्त्याच्या त्या माउलीने बेसबॉलच्या चेंडूवर सही कशाला केली असेल, हा प्रश्न विकणाऱ्याला पडला नाही, हे समजू शकते. तो घेणाऱ्यालाही पडू नये, याचे मात्र मला आजही नवल वाटते. पुढे २००१ पासून तिथल्या मेजर लीगने माणूस समोर बसवून सह्यांची खातरजमा करण्याची आणि वस्तूवर चमकती चिकटपट्टी लावण्याची पद्धत सुरू केली. म्हणजे सहीवर आणखी एक सही! व्यापाराबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे, की त्याचा आणि स्वाक्षरीच्या हौसेचा संबंध रद्दीवाला आणि वाचक यांच्या संबंधाइतकाच आहे. दोघांच्याही घरी पुस्तके असतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. स्वाक्षरी हे एक लेखन आहे. फार लहान, एका ओळीचे, पण लेखनच. आणि लेखन म्हटले की ते वाचता येणारा हवा. पोराला सही मिळते, वाचता येत नाही. ती वाचण्याची शक्यता मोठ्या माणसालाच असते, आणि माझ्या मते त्याच्या हक्काचे मूळ इथेच आहे.

वाचणे म्हणजे काय, ते सांगतो. सचिन तेंडुलकर उजव्या हाताने फलंदाजी करीत असे, चेंडूही उजव्याच हाताने टाकीत असे. पण लिहितो तो डाव्या हाताने. शेकडो सामने ज्याने दूरदर्शनवर पाहिले त्यालाही ही गोष्ट लक्षात आलेली नसते. ती कळते कागद पुढे धरून उभे राहणाऱ्याला. पोरगा त्या क्षणी सचिनच्या तोंडाकडे पाहत असतो. हाताकडे लक्ष जाईल ते एखाद्या जाणत्याचे, आणि घरी परतताना तो त्या उलट्या हाताचा विचार करीत बसेल. किंवा सर डोनाल्ड ब्रॅडमन घ्या. २००१ साली वयाच्या ९२ व्या वर्षी ते गेले, तोपर्यंत त्यांनी किती सह्या दिल्या असतील याची गणती नाही. म्हातारपणीदेखील जगभरातून येणाऱ्या पत्रांना ते उत्तरे लिहीत. ती सही पाहावी: सुटी, सुवाच्य, कोणालाही वाचता येईल अशी. हल्ली सही म्हणजे पतंगाचा तुटलेला मांजा. कुठून सुरू झाला आणि कुठे अडकला, काही पत्ता लागत नाही. मी याचा दोष खेळाडूंना देत नाही. गर्दीत चालता चालता, फुगीर चेंडूवर जाड शाईच्या पेनाने कोणाचे अक्षर चांगले येणार? पण वाचणारेच उरले नाहीत म्हणजे अक्षर बिघडते, ही गोष्ट लेखकांइतकीच खेळाडूंनाही लागू आहे.

आणि आता तर अक्षरच गेले. स्वाक्षरीची जागा मोबाइलवरच्या छायाचित्राने घेतली. त्यात खेळाडूला काही लिहावे लागत नाही, मागणाऱ्याला काही बोलावे लागत नाही, आणि चित्रात अर्धी जागा मागणाऱ्याच्याच तोंडाने व्यापलेली असते. सहीच्या पानावर निदान आपले थोबाड नसे!

स्वाक्षरी-वहीतले एक पान मात्र मला कोणत्याही ग्रंथातल्या पानाइतके मोलाचे वाटते. १९३३ च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखान्यावर हिंदुस्थानच्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना झाला. पाहुण्यांचा कप्तान डग्लस जार्डिन. आदल्याच मोसमात ऑस्ट्रेलियात अंगवेधी गोलंदाजी करवून गाजलेला. लाला अमरनाथांनी त्या सामन्यात ११८ धावा काढल्या, आणि विजय मर्चंट यांचा तो पहिला कसोटी सामना. मर्चंटांच्या भगिनी लक्ष्मी यांच्या वहीत त्या एम. सी. सी. संघाच्या सोळा खेळाडूंच्या सह्या एका पानावर होत्या. पुढे त्या गांधीजींकडे स्वाक्षरी मागायला गेल्या. गांधीजी फुकट सही देत नसत. हरिजन फंडासाठी पाच रुपये घेत. त्यांनी वही चाळली, नेमके ते पान काढले, आणि जार्डिनच्या सोळा जणांखाली सतरावा आकडा घालून सही केली: मो. क. गांधी.

या पानाचे वेगवेगळे अर्थ लावता येतात. ज्या साहेबाशी उभा जन्म झगडा मांडला त्याच्याच संघात आपले नाव घालून घेणारा हा विनोद आहे, असे म्हणावे. किंवा शत्रू असा कोणी नाहीच, ही त्यांची नेहमीची शिकवण इथे एका आकड्यात उतरली आहे, असेही म्हणावे. मी पहिल्या अर्थाकडे झुकतो, कारण म्हाताऱ्याला थट्टेचे अंग चांगलेच होते. कोणताही अर्थ घ्या, तो वाचण्यासाठी जार्डिन कोण आणि गांधी कोण हे ठाऊक असावे लागते. त्या पानाला पोरगा पुरा पडणार नाही.

पण सगळेच काही तेंडुलकर आणि ब्रॅडमन नसतात, आणि इथेच मोठ्या माणसांविषयीची माझी खरी तक्रार सुरू होते. त्यांनी स्वाक्षरी मागावी. पण ती मागतात कोणाची? ज्याच्याभोवती आधीच हजार हात उंचावलेले आहेत त्याचीच. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी १९९६ पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत, वाट पाहावी लागली. कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग बैलगाड्या आपापल्या गोठ्यांत गेल्या. खाशाबा १९५५ मध्ये पोलिसांत फौजदार झाले, आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. मधल्या त्या जवळजवळ तीस वर्षांत रस्त्याने जाणाऱ्या या फौजदाराला थांबवून किती प्रौढ, सुजाण, वर्तमानपत्रे वाचणाऱ्या माणसांनी म्हटले असेल, “जाधवसाहेब, एक सही द्या, माझ्यासाठीच हवी आहे”?

या कथेत एक स्वाक्षरी मात्र अशी आहे, की तिच्यापुढे कपाटातल्या सगळ्या बॅटी फिक्या पडाव्यात. खाशाबांच्या हेलसिंकीच्या खर्चाला पैसा कमी पडत होता. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. पुढे खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावून ते घर सोडवले. गहाणखतावरची ती सही कोणी जपून ठेवली आहे की नाही, कोण जाणे! खेळाडूची सही मागणारे आपण, आणि खेळाडूसाठी सही करणारे ते. घर गहाण टाका असे मी कोणाला सांगत नाही; दिवाळीच्या दिवसांत असा अभद्र सल्ला कोण देईल? पण तालमीच्या वर्गणीचे पावतीपुस्तक दाराशी आले, की हेच ‘नातवासाठी’वाले गृहस्थ घरात नसतात, हे मी पाहिले आहे.

तेव्हा मोठ्यांनी स्वाक्षऱ्या जरूर घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. पोरांची रांग संपू द्यावी. नातवाचे नाव घेऊ नये. आणि समोरच्याने काय केले आहे ते त्याला सांगता यावे. “तुमच्या अमक्या सामन्यातली ती शेवटची चढाई मी पाहिली होती,” एवढे म्हटले तरी कबड्डीच्या जुन्या खेळाडूच्या डोळ्यांत जे दिसते ते विश्वचषकाच्या विजेत्याच्या डोळ्यांत दिसत नाही, कारण त्याला ते दिवसातून शंभर वेळा ऐकावे लागते.

माझ्याकडे अशा फारशा प्रसिद्ध नसलेल्या माणसांच्या सह्यांची एक वही आहे. तिच्यात एका जुन्या पैलवानाची सही आहे. कोल्हापूरच्या खासबागेच्या मैदानात त्यांनी एके काळी एक मोठी कुस्ती मारली होती. माझ्या वडिलांच्या तोंडून ती मी इतकी ऐकली होती, की डाव कुठला पडला तेही मला सांगता आले. त्यांनी चष्मा शोधला, वही मांडीवर घेतली, आणि विचारले, “मराठीतच करू न्हवं?” मग त्यांनी संपूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासकट, खाली गाव आणि तालीम लिहिली. लिहायला त्यांना चांगली पाच मिनिटे लागली. शेवटी पेन थांबवून म्हणाले, “तारीख आजची घालू, का त्या कुस्तीची?”

आम्ही त्या कुस्तीची घातली.